पेट्रोल इंजिनांची इंधनबचत उपकरणे

इंधनबचत उपकरणे म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर तिच्या पेट्रोल इंजिनाला, इंधननळीला, हवेच्या मार्गाला किंवा विद्युत यंत्रणेला जोडण्यात येणारी अशी साधने, की ज्यांच्यामुळे तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी अधिक अंतर धावते असे सांगितले जाते. इंधननळीवर बसवायचे चुंबक, हवेला भोवरा देणारी पाती, पाण्यापासून हायड्रोजन तयार करणारे संच, पेट्रोलच्या टाकीत टाकायच्या गोळ्या व द्रावणे, ठिणगी तीव्र करणारी साधने आणि सिगारेट लायटरच्या खाचेत खोचायच्या डब्या ही या वर्गातील नेहमी आढळणारी उदाहरणे होत. बोलीभाषेत गाडीच्या प्रतिलिटर अंतराला ‘ॲव्हरेज’ म्हणतात, आणि ही उपकरणे बहुधा ‘ॲव्हरेज वाढवणारे यंत्र’ म्हणूनच विकली जातात.

या उपकरणांचे मूल्यमापन करताना एक प्रश्न निर्णायक ठरतो : इंजिनात वाया जाणाऱ्या ऊर्जेपैकी नेमका कोणता वाटा हे उपकरण परत मिळवून देते? जेथे असा खरा व मोठा अपव्यय अस्तित्वात होता, तेथे जोड-उपकरणांनी इंधन वाचवल्याची उदाहरणे आहेत. आधुनिक इंजिनांवरील बहुतेक उपकरणे मात्र जवळजवळ अस्तित्वातच नसलेला अपव्यय थांबवण्याचा दावा करतात, आणि म्हणून नियंत्रित चाचणीत ती टिकत नाहीत.

ऊर्जेचा हिशेब

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळाल्यावर सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. घरगुती विजेच्या भाषेत ही ऊर्जा जवळजवळ ९ युनिट इतकी होते. या ऊर्जेपैकी साधारणतः पाव भाग किंवा त्याहूनही कमी भाग गाडीच्या चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली ऊर्जा सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर, रेडिएटरमधून किंवा सिलिंडरच्या पंखांवरून हवेत जाणाऱ्या उष्णतेच्या रूपाने, आणि इंजिन व गिअर यांतील घर्षणात खर्च होते.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. इंजिन पाव भागच ऊर्जा वापरते याचा अर्थ तीन चतुर्थांश पेट्रोल न जळता बाहेर पडते असा नव्हे. सुस्थितीतील आधुनिक पेट्रोल इंजिनात इंधनातील सुमारे ९७ ते ९८ टक्के ऊर्जा ज्वलनातून मुक्त होते. तोटा होतो तो जळालेल्या इंधनाच्या उष्णतेचे गतीत रूपांतर करताना. उष्णतेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला ही मर्यादा निसर्गनियमानेच घातलेली आहे.

पेट्रोल इंजिन ज्या चक्रावर चालते, त्याला जर्मन अभियंता निकोलाउस ओटो याच्या नावावरून ओटो चक्र म्हणतात. या चक्राची सैद्धांतिक कार्यक्षमता प्रामुख्याने संपीडन गुणोत्तरावर, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण किती पटींनी दाबले जाते यावर अवलंबून असते. हे गुणोत्तर ८ असेल तर आदर्श कार्यक्षमता सुमारे ५६ टक्के आणि १० असेल तर सुमारे ६० टक्के येते. प्रत्यक्ष इंजिन या आकड्यांच्या बरेच खाली राहते. संपीडन गुणोत्तर सिलिंडर, दट्ट्या व ज्वलनकक्ष यांच्या घडणीतच ठरलेले असते. नळीवर अथवा तारेवर बाहेरून जोडलेल्या वस्तूने ते बदलत नाही.

म्हणून ‘पेट्रोल पूर्णपणे जाळून ३० टक्के बचत’ हा दावा अंकगणिताच्या पहिल्याच कसोटीवर अडतो. न जळलेले इंधन जर दोन-तीन टक्केच असेल, तर ते सगळे जाळूनही बचत दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही.

इतिहास

कार्ब्युरेटरचा काळ

विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटरमध्ये तयार होत असे. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. कार्ब्युरेटरला हे प्रमाण प्रत्येक वेगात व भारात काटेकोर राखता येत नसे. थंड इंजिन, बिघडलेला चोक, झिजलेली जेट किंवा चुकीची जुळणी यांमुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण अनेकदा जास्त होई. या काळात मिश्रणात थोडी जादा हवा सोडणारी साधी झडप काही गाड्यांना किंचित उपयोगी पडत असे. इंधनबचत उपकरणांचा धंदा याच परिस्थितीत वाढला.

कॅनडातील विनिपेग येथील चार्ल्स नेल्सन पोग यांनी १९३०च्या दशकात पेट्रोलची संपूर्ण वाफ करून ती इंजिनाला देणाऱ्या कार्ब्युरेटरची पेटंटे घेतली. त्यांच्या नावावर एका गॅलनमध्ये २०० मैल धावणाऱ्या मोटारीची कथा जोडली गेली आणि तेलकंपन्यांनी हा शोध दडपला अशी समजूत जगभर पसरली. असा कार्ब्युरेटर बाजारात आला नाही. पेटंट हे कल्पनेच्या नावीन्याचे प्रमाणपत्र असते. ती कल्पना सांगितलेला लाभ देते की नाही याची हमी त्यातून मिळत नाही. शिवाय इंजिनात शिरल्यावर तापलेल्या भिंती व झडपा यांच्या सान्निध्यात पेट्रोलची वाफ होतच असते. ती आधी केल्याने इंधनातील ऊर्जा वाढत नाही.

युद्धकाळातील कोळशाचा वायू

भारतात पेट्रोल वाचवणाऱ्या जोड-यंत्राचा व्यापक वापर दुसऱ्या महायुद्धात झाला. १९४२ साली ब्रह्मदेशातील तेलक्षेत्रे हातची गेली, पेट्रोलचे शिधावाटप कडक झाले, आणि प्रवासी मोटारी व मालमोटारी कोळशाच्या वायूवर चालवण्यात येऊ लागल्या. गाडीच्या मागे किंवा बाजूला एक उंच भट्टी बसवली जाई. तिच्यात लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला की कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू तयार होई. पाण्याची वाफ सोडल्यास त्यात हायड्रोजनचीही भर पडे. हा वायू गाळून व थंड करून पेट्रोल इंजिनात सोडला जाई.

या यंत्राने पेट्रोल खरोखर वाचत असे, कारण त्याच्या जागी दुसरे इंधन जळत होते. त्याची किंमतही उघड दिसत असे. वायूत हवेतील नायट्रोजनचा मोठा भाग मिसळलेला असल्यामुळे इंजिनाची शक्ती एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटे, गाडी सुरू करण्याआधी भट्टी पेटवून वाट पाहावी लागे, चढावर गाडी रेंगाळे, आणि गळती झाल्यास विषारी वायूचा धोका असे. पेट्रोलचा पुरवठा पूर्ववत होताच ही यंत्रे गाड्यांवरून उतरली. ऊर्जेचा स्रोत स्पष्टपणे दाखवता येणे हे खऱ्या उपकरणाचे लक्षण या उदाहरणात दिसते.

तेलसंकटानंतर

१९७३च्या तेलसंकटानंतर खनिज तेलाच्या किमती भडकल्या आणि जगभर इंधनबचत उपकरणांची लाट आली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तेव्हापासून अशा शंभराहून अधिक उपकरणांचे मूल्यमापन केले. त्यांपैकी अगदी थोड्यांनीच किंचित बचत दाखवली, आणि त्यांतील काहींमुळे धुरातील प्रदूषके वाढली. लाभ दाखवणाऱ्यांत, गाडी वेग घेत असताना वातानुकूलन यंत्र काही क्षण आपोआप बंद करणाऱ्या साधनांचा समावेश होता. ही बचत इंजिनावरील भार खरोखर कमी झाल्यामुळे होती. तिच्यासाठी ज्वलनाविषयी कोणताही नवा सिद्धांत लागला नाही.

भारतात इंधनबचतीच्या प्रसारासाठी १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना स्थापन झाली. पीसीआरए या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या संघटनेच्या वाहनचालकांसाठीच्या सूचनांत भर राहिला तो मध्यम वेग, टायरमधील हवा, वेळच्या वेळी देखभाल आणि सिग्नलवर इंजिन बंद करणे या सवयींवर.

उपकरणांचे प्रकार

जादा हवा सोडणारी साधने

कार्ब्युरेटरच्या पुढच्या मार्गात छिद्र पाडून किंवा झडप बसवून मिश्रण पातळ करणारी ही साधने होत. जुन्या, पेट्रोलचे प्रमाण जास्त ठेवणाऱ्या गाड्यांत त्यांचा थोडा उपयोग होई. मात्र तोच परिणाम कार्ब्युरेटरची योग्य जुळणी करून विनाखर्च मिळत असे. मिश्रण फार पातळ झाल्यास ज्वलन अनियमित होते, इंजिन झटके देते आणि भाराखाली झडपा अतितप्त होऊ शकतात.

इंधन अंतःक्षेपण असलेल्या गाड्यांत या साधनांना अर्थच उरत नाही. अशा गाडीच्या निष्कास नळीतील संवेदक जळालेल्या वायूंमधील प्राणवायू सतत मोजतो. जादा हवा आत आली की इलेक्ट्रॉनिक नियंत्रक त्या प्रमाणात पेट्रोल वाढवून मिश्रण पूर्वस्थितीवर आणतो. बाहेरून सोडलेल्या हवेचा परिणाम काही क्षणांत पुसला जातो.

भोवरा देणारी पाती

हवेच्या नळीत बसवलेल्या वाकड्या पात्यांमुळे हवा गोल फिरते व पेट्रोल चांगले मिसळते, असे या साधनांबाबत सांगतात. सिलिंडरमध्ये हवेची घुसळण उपयुक्त असते हे खरे. म्हणूनच अभियंते हवेचा मार्ग, झडपांची जागा व दट्ट्याचा माथा यांना विशिष्ट आकार देतात. परंतु कित्येक सेंटिमीटर आधी दिलेला भोवरा गाळणी, थ्रॉटल आणि झडपेच्या अरुंद फटीतून जाताना विरून जातो. नळीत अडथळा मात्र कायमचा राहतो.

चुंबके

इंधननळीवर बसवलेल्या चुंबकामुळे पेट्रोलचे रेणू ‘सरळ रांगेत’ येतात किंवा ‘आयनीभूत’ होतात, हा दावा भारतीय बाजारात विशेष लोकप्रिय आहे. पेट्रोल हे हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यावर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम अत्यंत क्षीण असतो. द्रवातील रेणू उष्णतेमुळे सतत वेडेवाकडे आदळत असतात. क्षेत्राबाहेर पडताच कोणतीही मांडणी टिकत नाही. साध्या नळीवरील चुंबकाने रेणूंचे आयन होत नाहीत, त्यासाठी कितीतरी अधिक ऊर्जा लागते.

हायड्रोजन संच

पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करायचे आणि ते हवेबरोबर इंजिनात द्यायचे, अशी या संचाची रचना असते. ‘पाण्यावर चालणारी गाडी’ म्हणून त्याची जाहिरात होते. पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळून गेल्यावर उरणारी ती राख आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. पाण्याचे पृथक्करण करायला जितकी ऊर्जा लागते, त्याहून अधिक ऊर्जा तोच हायड्रोजन पुन्हा जाळून मिळू शकत नाही.

गाडीत हा हिशेब आणखी तोट्याचा होतो. इंजिनाने पेट्रोल जाळून २५० एकक यांत्रिक ऊर्जा विद्युतजनित्राला दिली असे समजू. जनित्र ६० टक्के कार्यक्षम धरले तर १५० एकक वीज मिळेल. पृथक्करण पात्राची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर हायड्रोजनमध्ये ९० एकक ऊर्जा साठेल. ती इंजिनात जाळल्यावर पाव भाग, म्हणजे सुमारे २२ एकक यांत्रिक ऊर्जा परत येईल. २५० देऊन २२ मिळवण्याचा हा व्यवहार आहे.

प्रमाणाचाही विचार करावा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी व लिटरला १५ किलोमीटर देणारी मोटार सुमारे ३० किलोवॅट दराने इंधनाची ऊर्जा वापरते. १२ व्होल्ट व २० अँपिअरवर चालणारा संच २४० वॅट वीज घेतो. त्यातून हायड्रोजनच्या रूपात फार तर १७० वॅट मिळतील. म्हणजे मूळ इंधनाच्या अर्धा टक्का. अमेरिकेत स्टॅन्ली मेयर यांच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्राविषयी गुंतवणूकदारांनी दावा दाखल केला असता ओहायो राज्यातील न्यायालयाने १९९६ मध्ये तो प्रकार फसवणुकीचा ठरवून पैसे परत करण्यास सांगितले.

टाकीत टाकायचे पदार्थ

पेट्रोलमध्ये डांबराच्या गोळ्या टाकल्यास गाडी जोरात व जास्त धावते ही समजूत भारतात जुनी आहे. नॅप्थलिन पेट्रोलमध्ये विरघळते व स्वतः जळते. पण दोन-चार गोळ्यांनी टाकीभर इंधनाच्या ऊर्जेत जाणवण्याजोगी भर पडत नाही. थंडीत ते पुन्हा घट्ट होऊन बारीक छिद्रे बुजण्याचा धोका असतो. कपाटात ठेवण्याच्या अनेक गोळ्या आता नॅप्थलिनऐवजी पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात. त्यातील क्लोरीनमुळे ज्वलनानंतर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन धातू गंजतो. अ‍ॅसिटोनसारखी द्रावणे रबरी नळ्या व सील यांना हानी पोहोचवू शकतात.

याउलट, अंतःक्षेपकावर किंवा झडपांवर साचलेली काजळी काढणारी निर्मळक द्रव्ये खऱ्या उपयोगाची असतात. ती अस्वच्छ इंजिनाला मूळ स्थितीकडे नेतात. स्वच्छ इंजिनाला मूळ स्थितीच्या पुढे नेत नाहीत.

ठिणगीवर्धक व खोचायच्या डब्या

निकामी झालेला स्पार्क प्लग बदलल्यास इंधन निश्चितच वाचते. परंतु चांगल्या प्लगची ठिणगी मिश्रण पेटवण्यास पुरेशी असताना तिची तीव्रता वाढवून अधिक ऊर्जा मिळत नाही. लायटरच्या खाचेत किंवा निदानासाठीच्या सॉकेटमध्ये खोचायच्या पुष्कळशा स्वस्त डब्या उघडून पाहिल्या असता आत दिवा लुकलुकवणाऱ्या साध्या परिपथाखेरीज फारसे काही आढळत नाही.

जेथे जोड-उपकरणांनी इंधन वाचवले

दुचाकी व रिक्षांतील जुन्या द्विघाती इंजिनांत एक मोठा अपव्यय होता. त्यांत जळालेला धूर बाहेर ढकलण्याचे काम ताजे मिश्रणच करते आणि ते करताना त्याचा काही भाग न जळताच निसटतो. कार्ब्युरेटर असलेल्या द्विघाती इंजिनांत हा वाटा परिस्थितीनुसार १५ ते ४० टक्क्यांपर्यंत असल्याचे आढळले आहे. फिलिपिन्समधील विगन या शहरातील तीनचाकी टॅक्सींच्या द्विघाती इंजिनांना एन्व्हायरोफिट या संस्थेने थेट अंतःक्षेपणाचे संच बसवले. धूर बाहेर जाण्याची वाट बंद झाल्यावरच पेट्रोल आत फवारले जात असल्याने इंधनाचा खर्च सुमारे एक तृतीयांशाने घटला. बाहेरून बसवलेले उपकरण उपयोगी ठरल्याचे हे ठळक उदाहरण होय. कारण त्याने मोजता येणारी गळती बंद केली.

सीएनजी व एलपीजी संच हा दुसरा मान्यताप्राप्त वर्ग आहे. मुंबईत १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅस लिमिटेडच्या पुरवठ्यामुळे आणि मुंबई उच्च न्यायालयातील वायुप्रदूषणविषयक जनहित याचिकेवरील आदेशांमुळे टॅक्सी व रिक्षा मोठ्या प्रमाणावर सीएनजीवर आल्या. येथे बचत होते ती प्रामुख्याने पैशांची व पेट्रोलची. ऊर्जेची बचत तितकी नसते. शिवाय सीएनजी किलोग्रॅमवर मोजला जातो. एका किलोग्रॅम सीएनजीमध्ये सुमारे दीड लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते. म्हणून ‘पेट्रोलवर २०, सीएनजीवर ३०’ या तुलनेत इंजिन अधिक कार्यक्षम झाल्याचा पुरावा नसतो. मोजण्याचे माप बदललेले असते.

इंजिनातच झालेल्या सुधारणा

महाराष्ट्र हे भारतातील वाहन उद्योगाचे एक प्रमुख केंद्र असल्यामुळे इंधनबचतीचा खरा प्रवास येथील कारखान्यांत पाहता येतो. पुण्याजवळ आकुर्डी येथे तयार होणारी बजाज चेतक ही स्कूटर अनेक वर्षे द्विघाती इंजिनावर चालत होती. २००० सालानंतर कडक झालेल्या उत्सर्जन मानकांमुळे द्विघाती दुचाकी मागे पडून चतुर्घाती इंजिने सर्वत्र आली, आणि न जळता निसटणाऱ्या पेट्रोलची मोठी वाट बंद झाली.

बजाज ऑटोने २००३ साली पल्सर मोटारसायकलमध्ये एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेले डीटीएस-आय इंजिन आणले. दोन बाजूंनी ज्योत पेटल्यामुळे तिला कापावे लागणारे अंतर कमी होते, ज्वलन लवकर पूर्ण होते आणि पातळ मिश्रणही नीट जळते. दोन प्लगची कल्पना विमानांच्या व काही मोटारींच्या इंजिनांत जुनीच होती. लहान मोटारसायकलच्या इंजिनात ती बसवण्याच्या पद्धतीवरून बजाज व टीव्हीएस या कंपन्यांमध्ये पेटंटचा वाद झाला व तो २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. दुसरा प्लग ही वरवर पाहता किरकोळ जोड वाटते. प्रत्यक्षात तिच्यासाठी सिलिंडरचे डोके, ठिणगीची वेळ आणि मिश्रणाचे प्रमाण हे सगळेच नव्याने ठरवावे लागले.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरची जागा मोठ्या प्रमाणावर इंधन अंतःक्षेपणाने घेतली. जोड-उपकरणे जी उणीव भरून काढण्याची भाषा करत, ती उणीव अशा प्रकारे नव्या गाडीतून बव्हंशी नाहीशी झाली.

चाचणी व मापन

प्रयोगशाळेतील पद्धत

भारतात वाहनांच्या इंधनवापराची व उत्सर्जनाची चाचणी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार मान्यता असलेल्या संस्थांमध्ये होते. त्यांतील महत्त्वाच्या संस्था महाराष्ट्रात आहेत. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, १९६६ साली स्थापन झाली. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना ही संरक्षण खात्याची संस्था आणि पुण्याजवळ भोसरी येथील केंद्रीय मार्ग परिवहन संस्था याही या क्षेत्रात काम करतात.

चाचणीत गाडी रस्त्यावर न नेता फिरत्या रोलरवर चालवली जाते. वेग केव्हा वाढवायचा, किती राखायचा व केव्हा थांबायचे याचे वेळापत्रक सेकंदागणिक ठरलेले असते. दुचाकींसाठी दीर्घकाळ वापरलेले भारतीय चालनचक्र १०८ सेकंदांचे असून त्यातील कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर होता. मोटारींच्या सुधारित चक्रात तो ताशी ९० किलोमीटर आहे. बाहेर पडणारा धूर पिशव्यांत गोळा करून त्यातील कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात आणि त्यातील एकूण कार्बनवरून जळालेल्या पेट्रोलचा हिशेब काढतात. तापमान, भार, इंधन व चालवण्याची पद्धत स्थिर ठेवल्यामुळे उपकरणासह व उपकरणाविना आलेल्या आकड्यांची तुलना अर्थपूर्ण ठरते.

जाहिरातीतील ‘एआरएआय प्रमाणित’ हा शब्द वाचताना कशाचे प्रमाणन झाले हे पाहावे. एखादे साधन आग लागण्याच्या दृष्टीने सुरक्षित आहे किंवा त्याने धूर मर्यादेबाहेर जात नाही, असा अहवाल म्हणजे ते इंधन वाचवते असा अहवाल नव्हे.

रस्त्यावरील अनुभव का फसवतो

वापरणाऱ्यांचे अनुभव हा या उपकरणांच्या विक्रीचा मुख्य आधार असतो. असे सांगणारे बहुतेक लोक प्रामाणिक असतात. दोष मोजण्याच्या पद्धतीत असतो. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी या गावाहून साकोलीला रोज ये-जा करणाऱ्या मोटारसायकलस्वाराचे उदाहरण घेता येईल. रोवणीच्या दिवसांत ओला रस्ता, चिखल, समोरचा वारा आणि मागे बसलेला माणूस यांमुळे पेट्रोल जास्त लागते. पावसाळा संपल्यावर त्याने उपकरण बसवले, तर कोरड्या रस्त्यावर व हलक्या गाडीवर मिळालेली सुधारणा उपकरणाच्या खात्यावर जमा होते. गावातील रस्त्याऐवजी साकोलीजवळच्या राष्ट्रीय महामार्गावर एका वेगाने केलेला प्रवासही आकडा बदलतो.

टाकी भरून मोजण्याच्या पद्धतीतही चूक शिरते. पाच लिटर पेट्रोलच्या मोजणीत टाकी काठोकाठ भरण्यात ३०० मिलिलिटरचा फरक पडला, तर निष्कर्षात ६ टक्क्यांची चूक येते. उपकरणावर पैसे खर्च केलेला माणूस नकळत संथ चालवू लागतो, हे आणखी एक कारण. बऱ्याचदा उपकरण बसवतानाच मेकॅनिक हवेची गाळणी साफ करतो, प्लग बदलतो, साखळीला तेल देतो आणि टायरमध्ये हवा भरतो. बचत त्या देखभालीची असते.

पेट्रोलचा प्रकार बदलल्यानेही आकडे हलतात. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची प्रतिलिटर ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असते. प्रत्यक्ष अंतरातील घट इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते. पण दोन वेगळ्या मिश्रणांवर घेतलेले आकडे शेजारी ठेवून उपकरणाची परीक्षा करता येत नाही.

सामान्य वापरकर्त्याला बऱ्यापैकी विश्वासार्ह तुलना करायची असल्यास उपकरणाविना, उपकरणासह आणि पुन्हा उपकरणाविना अशा तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी अनेक टाक्या पेट्रोल संपेपर्यंत, त्याच रस्त्यावर व शक्यतो त्याच ऋतूत कराव्यात. तिसऱ्या फेरीत आकडा पुन्हा खाली आला नाही, तर सुधारणा उपकरणामुळे झालेली नाही. उपकरण चालू आहे की बंद हे चालकाला ठाऊक नसणे अधिक चांगले.

कायदा व ग्राहकहित

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत फरक पडेल असा बदल वाहनात करण्यास निर्बंध आहेत. इंधनाचा प्रकार बदलणारा संच मान्यताप्राप्त असावा लागतो व त्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदणी प्रमाणपत्रावर करून घ्यावी लागते. इंधननळी कापून किंवा तारांना जोड देऊन बसवलेल्या अनधिकृत साधनामुळे उत्पादकाची हमी व विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. पेट्रोलची नळी कापलेल्या ठिकाणी होणारी गळती हा आगीचा प्रत्यक्ष धोका आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली असून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत व पुन्हा तसे घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातींचे स्वनियमन करणारी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून मुंबईत कार्यरत आहे व तिच्याकडेही तक्रार करता येते.

या फसवणुकीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या रोजच्या कमाईचा मोठा भाग पेट्रोल पंपावर जातो, अशा रिक्षाचालकाला, फेरीवाल्याला किंवा घरपोच सेवा देणाऱ्या तरुणाला बचतीचे आश्वासन सर्वांत मोहक वाटते. आणि वाया गेलेली रक्कमही त्यालाच सर्वांत जास्त जाणवते.

खात्रीने इंधन वाचवणारे उपाय

वेग : हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरच्या तुलनेत ताशी ८० किलोमीटर वेगाला तो अडीचपटींहून अधिक असतो. पीसीआरएच्या सूचनांत ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा वेग किफायतशीर सांगितला आहे.

टायरमधील हवा : अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार चारही टायरांतील दाब सरासरी एक पीएसआयने कमी झाल्यास प्रतिलिटर अंतर सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते. दाब दहा पीएसआयने उतरलेला असेल तर सुमारे २ टक्के इंधन वाया जाते. टायरची झीज होते ती वेगळीच.

थांबलेले इंजिन : लहान मोटारीचे इंजिन उभ्या गाडीत चालू राहिल्यास तासाला अर्धा लिटर ते पाऊण लिटर पेट्रोल जाळते. रेल्वे फाटकावर किंवा लांब सिग्नलवर ते बंद करण्यासाठी कोणतेही उपकरण विकत घ्यावे लागत नाही.

देखभाल : अडकून राहणारा ब्रेक, घसरणारा क्लच, कोरडी किंवा फार ताणलेली साखळी, जुने तेल व झिजलेला प्लग हे दोष दूर केल्यावर मिळणारा लाभ खरा असतो. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीत तुंबलेली हवेची गाळणीही इंधन वाया घालवते. अंतःक्षेपणाच्या गाडीत तिचा परिणाम मुख्यतः शक्तीवर होतो.

भार व चालवण्याची रीत : अनावश्यक ओझे उतरवणे, पुढचा रस्ता पाहून ॲक्सिलरेटर आधीच सोडणे, योग्य गिअरमध्ये गाडी चालवणे आणि वारंवार जोराने ब्रेक न लावणे यांमुळे चाकांपर्यंत पोहोचलेली ऊर्जा वाया जात नाही. चालकाला क्षणोक्षणीचा इंधनवापर दाखवणारा मापक या कामी मदत करतो. तो स्वतः पेट्रोल वाचवत नाही, पण चालकाच्या पायाला शिस्त लावतो.

एखादे नवे उपकरण समोर आल्यास विक्रेत्याला तीन गोष्टी विचारणे पुरेसे असते : ते कोणता अपव्यय थांबवते, तो अपव्यय या गाडीत मुळात किती आहे, आणि इंधनवापराची नियंत्रित चाचणी कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेने केली.